भाडेकरारावर नवरा-बायको दोघांचीही नावे हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी वृत्तपत्रांत ‘नायजेरियन’ हा शब्द दिसला की बातमी बहुधा पोलीस ठाण्यातली असते. नालासोपारा, मीरा रोड, अमली पदार्थ, व्हिसा संपलेले पासपोर्ट. नाहीतर २०१३ मध्ये गोव्यात पर्वरीला अडवलेला महामार्ग. गुन्ह्याची बातमी छापू नका, असे आमचे म्हणणे नाही. पण कॅनडातल्या टोरांटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा या पट्ट्यात नव्याने आलेल्या कुटुंबांच्या मदतीचे काम करताना आम्हा काही मराठी मंडळींना या समाजाची दुसरी बाजू नेहमी दिसते. परक्या देशात उतरलेल्या कुटुंबाला पहिले तीन महिने उभे कसे करायचे, याची जी घडी नायजेरियन संघटनांनी बसवली आहे, ती आपल्या मंडळांना अजून बसवता आलेली नाही. हे पत्र त्याविषयी आहे.

थोडी पार्श्वभूमी. कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेनुसार आधीच्या पाच वर्षांत स्थलांतरित म्हणून आलेल्यांमध्ये जन्मदेशाच्या क्रमाने भारत पहिला होता आणि नायजेरिया पाचवा. त्यानंतर २०२३ च्या जूनमध्ये नायजेरियाने आपल्या चलनावरचे नियंत्रण सैल केले. तोवर एका अमेरिकन डॉलरला ४६० च्या आसपास नायरा पडत होते, ते २०२४ मध्ये १,५०० च्या घरात गेले. लागोसमधले घर-गाडी विकून आणलेली पुंजी वाटेतच एक तृतीयांश झाली. त्यामुळे आलेल्या कुटुंबाकडे पदव्या आहेत, इंग्रजी आहे, अनुभव आहे. पण चुकायला पैसे नाहीत. एक कागद चुकला की एका महिन्याचे भाडे जाते. संघटनांच्या कामाला धार आली आहे ती यातून.

हे काम म्हणजे मुख्यतः क्रम सांगणे. सरकारी संकेतस्थळांवर प्रत्येक गोष्टीची माहिती आहे, पण कोणता कागद कोणत्या कागदावर उभा आहे, हे तिथे एका ठिकाणी सापडत नाही. पहिला सोशल इन्शुरन्स नंबर, म्हणजे नोकरी आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक. नऊ आकडी, फुकट, पासपोर्ट आणि इमिग्रेशनचे मूळ कागद घेऊन सर्व्हिस कॅनडाच्या कार्यालयात गेले की मिळतो. तात्पुरत्या परवान्यावरच्या माणसाचा नंबर ९ ने सुरू होतो आणि परवान्याबरोबर त्याचीही मुदत संपते. परवाना वाढवला पण नंबर नूतनीकरण करायचा राहिला, अशा माणसाला नोकरीच्या ठिकाणी हटकले जाते. मग बँक खाते, मग घर, आणि घराच्या करारावर पुढचे सगळे.

इथेच शीर्षकातली गोष्ट येते. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओचे, सरकारी खर्चाने उपचार मिळवून देणारे आरोग्य कार्ड काढताना तीन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात : देशात राहण्याचा दर्जा, ओंटारिओतला पत्ता आणि ओळख. नायजेरियन घरांत काय किंवा मराठी घरांत काय, करार नवऱ्याच्या नावावर, विजेचे बिल नवऱ्याच्या नावावर, बँकेचे पत्रही त्याच्याच नावाने. बायको खिडकीशी उभी राहते तेव्हा तिच्याकडे पत्त्याचा एकही पुरावा नसतो आणि तिला परत पाठवतात. तीच बाई गरोदर असेल तर हे प्रकरण फार महागात जाते. म्हणून संघटनेचा कार्यकर्ता सही होण्याआधीच सांगतो : करारात दोघांची नावे घाला, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या नावाने बँकेचे पत्र मागवा. ओंटारिओने आरोग्य कार्डासाठीची तीन महिन्यांची थांबण्याची अट मार्च २०२० मध्ये काढली. जुन्या लोकांच्या सल्ल्यावर विसंबून तीन महिने गप्प बसणारे मात्र अजून भेटतात. इतर प्रांतांचे नियम निराळे आहेत. ब्रिटिश कोलंबियात आलेला महिना आणि त्यापुढचे दोन महिने थांबावे लागते. व्हँकुव्हरमधल्या मावसभावाचा सल्ला ब्रॅम्प्टनमध्ये चालत नाही तो यामुळे.

घर मिळवणे हा सगळ्यांत जास्त फसवणुकीचा टप्पा. ओंटारिओत घरमालकाला आगाऊ रक्कम म्हणून शेवटच्या एका महिन्याचे भाडे मागता येते. नुकसानभरपाईची वेगळी अनामत मागता येत नाही. किल्लीसाठी घेतलेले पैसे किल्लीच्या खऱ्या किमतीइतकेच, आणि तेही परत करायचे. प्रत्यक्षात मात्र ‘क्रेडिट इतिहास नाही’ म्हणून सहा-सहा महिन्यांचे भाडे आधी मागतात. प्रांताच्या मानवाधिकार आयोगाची भूमिका अशी आहे की नवागताला भाड्याचा किंवा क्रेडिटचा इतिहास नसणे हे नकाराचे कारण होऊ नये. हे वाक्य छापून नेण्याचा उपयोग होतो, पण रोज होतो असे नाही. त्याहून उपयोगी पडते ती संघटनेतल्या स्थिरावलेल्या सभासदाची हमी. आणि लागोसमधूनच इंटरनेटवरची खोली पाहून पैसे पाठवणाऱ्यांसाठी एक साधी पद्धत आहे : इथला एक सभासद प्रत्यक्ष जातो, आत शिरून व्हिडिओ कॉल करतो, नळ सोडतो, हीटर चालू करतो, तळघरातली खोली असेल तर बाहेर पडता येईल अशी खिडकी आहे का ते पाहतो, घर दाखवणाऱ्याचे ओळखपत्र आणि त्याच्या हातातली किल्ली पाहतो. तोवर एक डॉलरही पाठवायचा नाही. २०१८ च्या एप्रिलअखेरपासून ओंटारिओत बहुतेक घरांसाठी ठरावीक नमुन्याचा करार सक्तीचा आहे. मालक देत नसेल तर लेखी मागायचा. २१ दिवसांत दिला नाही तर भाडेकरूला एका महिन्याचे भाडे रोखून धरता येते. हा नियम माहीत असलेले मराठी भाडेकरू आम्हाला फार कमी भेटले आहेत.

मुलांचा भत्ता, म्हणजे कॅनडा चाइल्ड बेनिफिट, हा त्यानंतरचा मोठा विषय. जुलै २०२५ पासूनच्या वर्षात सहा वर्षांखालच्या मुलामागे जास्तीत जास्त ७,९९७ डॉलर आणि सहा ते सतरा वयाच्या मुलामागे ६,७४८ डॉलर मिळतात. उत्पन्न वाढेल तशी रक्कम घटते. अर्ज आरसी ६६, त्याला जोडून दर्जा आणि उत्पन्न सांगणारी पुरवणी. कायमचे रहिवासी आल्याबरोबर अर्ज करू शकतात. तात्पुरत्या परवान्यावरच्यांना सलग १८ महिने राहून एकोणिसाव्या महिन्यात वैध परवाना असावा लागतो. अडकते ते दोन ठिकाणी. एक, नवरा-बायको दोघांनीही दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत विवरणपत्र भरायचे असते, उत्पन्न शून्य असले तरी. ‘ती कमावत नाही, मग कशाला?’ म्हणून तिचे भरले नाही की जुलैपासून भत्ता थांबतो. दोन, इथे येण्याआधीचे नायजेरियातले उत्पन्नही कॅनेडियन डॉलरमध्ये सांगावे लागते आणि तो रकाना लोक कोरा सोडतात. फाइल तशीच पडून राहते. मार्च-एप्रिलमध्ये संघटना चर्चच्या सभागृहात करखात्याच्या स्वयंसेवक योजनेखाली फुकट विवरणपत्रे भरून देतात. आमच्या मते वर्षभरातल्या सगळ्या समारंभांपेक्षा ते चार शनिवार जास्त मोलाचे.

शाळेचा विषय मराठी पालकांनी नीट वाचावा, कारण तो जवळपास जसाच्या तसा आपलाही आहे. ओंटारिओत शाळा मुलाचे लसीकरण पाहते : घटसर्प, धनुर्वात, पोलिओ, गोवर, गालगुंड, रुबेला, मेंदूज्वर, डांग्या खोकला, आणि २०१० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी कांजिण्या. नायजेरियातून आलेल्या मुलाचे पिवळे कार्ड भरगच्च असते; बीसीजी आहे, पीतज्वर आहे, गोवर नवव्या आणि पंधराव्या महिन्याला आहे. तरीही अडते. पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला गोवराचा डोस इथे धरत नाहीत, गालगुंड आणि कांजिण्या त्यांच्या सरकारी वेळापत्रकात नाहीत. आपल्याकडे सरकारी केंद्रात गोवर-रुबेला देतात, गालगुंड तिथेही नाही. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे गालगुंडासह लस दिली असेल, पण नवव्या महिन्याचा डोस इथे वायाच. त्यात भर म्हणजे डॉक्टरने लस टोचली की नोंद आपोआप पोचते, असा समज. ती पोचत नाही. पालकांनीच जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य कार्यालयाला कळवावी लागते, आणि ती नसेल तर मुलाला शाळेच्या २० दिवसांपर्यंत घरी बसवता येते. हिवाळ्यात आई-वडील दोघेही पाळीत काम करत असताना मूल घरी बसले की काय होते, ते सांगायला नको.

वर्ग वयावर ठरतो. नायजेरियातल्या खासगी शाळांत मुले वर्ष-दीड वर्ष पुढे असतात, म्हणून आठ वर्षांचे मूल इथे तिसरीत बसवले की पालकांना ते खाली ढकलल्यासारखे वाटते. त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. वाद घालायचा तो दुसऱ्या गोष्टीवर : ज्या मुलाने पहिल्या दिवसापासून इंग्रजीतच शिक्षण घेतले, त्याला केवळ उच्चारावरून इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात टाकले जाते. जुन्या शाळेची प्रगतिपुस्तके आणि माध्यम इंग्रजी असल्याचे शाळेचे पत्र सोबत नेले तर हे बहुधा टळते. डब्याचेही सांगितलेले बरे. पुष्कळ शाळांत शेंगदाणे चालत नाहीत आणि डबा गरम करायला मायक्रोवेव्ह मिळत नाही. नायजेरियन लोकांच्या ‘सुया’ नावाच्या भाजलेल्या मांसाच्या मसाल्यात शेंगदाण्याची पूड असते, हे शाळेला माहीत नसते, पालकांच्या लक्षात येत नाही. साबुदाण्याच्या खिचडीतल्या कुटाचे तेच. जोलोफ भातासाठी थर्मास आधी दहा मिनिटे उकळत्या पाण्याने भरून ठेवायचा, मग पाणी ओतून भात भरायचा. नाहीतर बारा वाजता तो गार गोळा झालेला असतो.

एका बाबतीत या संघटनांचे काम इतरांच्या फार पुढे आहे : सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. जगात सिकलसेलची सर्वाधिक मुले नायजेरियात जन्मतात. लग्नाआधी ‘जीनोटाइप काय?’, म्हणजे तुमच्यात या आजाराचा आनुवंशिक अंश आहे का, हा प्रश्न तिथे उघडपणे विचारतात. अनेक चर्च चाचणीच्या अहवालाशिवाय लग्न लावत नाहीत. ओंटारिओत नवजात बाळांची ही तपासणी २००६ पासून होते, पण सहा वर्षांचे मूल विमानातून उतरले तर त्याला ती लागू होत नाही. शिवाय थंडी हे वेदनांचा झटका यायचे एक ठरलेले निमित्त. अशा कुटुंबाला संघटनेची माणसे एका कागदाचा आग्रह धरतात. त्यावर निदान, रोजची औषधे, पूर्वी रक्त केव्हा चढवले, मागच्या झटक्यात कोणते वेदनाशामक किती मात्रेने लागू पडले, एवढे डॉक्टरच्या सहीने. कारण अपरिचित आपत्कालीन विभागात काळा तरुण तीव्र वेदनाशामक मागतो तेव्हा त्याच्याकडे व्यसनी म्हणून पाहिले जाण्याचा धोका खरा आहे. ताप ३८.५ अंश सेल्सिअसवर गेला की सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जायचे. मायदेशी जाऊन आल्यावर ताप आला तर ‘नायजेरियातून आलो’ हे पहिले वाक्य असावे, नाहीतर मलेरियाची चाचणी दोन दिवस उशिरा होते. गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर भागांतून, तसेच नंदुरबारमधून परदेशी जाणाऱ्या कुटुंबांना यातले एकही वाक्य परके वाटणार नाही. पण कोणत्या मराठी मंडळाच्या माहितीपत्रकात सिकलसेल हा शब्द आम्ही पाहिलेला नाही.

थंडीच्या कपड्यांबद्दल सगळेच सांगतात, म्हणून एवढेच : गाडीतल्या मुलाच्या आसनावर फुगीर कोट घालून पट्टा आवळायचा नाही. अपघातात कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. आणि ते आसन देशाबाहेरून आणलेले चालत नाही. त्यावर कॅनडाचे सुरक्षा चिन्ह लागते.

मुलांना मारण्याचा विषय नाजूक आहे, आणि नायजेरियन संघटना तो टाळत नाहीत याचे आम्हाला कौतुक वाटते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये पालकांच्या ‘वाजवी बळा’ची मर्यादा आखून दिली : दोन वर्षांखालच्या आणि बारा वर्षांवरच्या मुलावर हात उगारायचा नाही, वस्तूने मारायचे नाही, डोक्यावर किंवा तोंडावर तर नाहीच. शिक्षकाला नुसती शंका आली तरी ती स्वतः बालसंरक्षण संस्थेला कळवण्याचे कायदेशीर बंधन आहे. मुख्याध्यापकाला सांगून तो मोकळा होत नाही. ओंटारिओत मुलाला घरी एकटे ठेवण्याचे ठरावीक वय नाही, सोळाच्या आत ‘वाजवी सोय’ हवी एवढेच. मॅनिटोबात बाराखालचे मूल अशा सोयीशिवाय एकटे ठेवणे हे हस्तक्षेपाचे कारण ठरू शकते. त्याच वेळी, कृष्णवर्णीय मुले संस्थांच्या ताब्यात लोकसंख्येच्या मानाने जास्त जातात, हे ओंटारिओ मानवाधिकार आयोगाने २०१८ च्या अहवालात नोंदवले आहे. म्हणजे पालकांची भीती निराधार नाही. बैठकीत दोन्ही गोष्टी सांगितल्या जातात. कायदा काय आहे ते, आणि दारावर अधिकारी आला तर शांतपणे नाव विचारा, काय तक्रार आहे ते लिहून घ्या, वकिलाशी बोलायचे आहे असे म्हणा, दार आपटू नका.

पैशांची सोय हा त्यांचा जुना वारसा. योरुबा लोकांत तिला एसुसू किंवा आजो म्हणतात, हौसा लोकांत अदाशी. आपल्याकडे ती भिशी. दहा जणांनी दरमहा ३०० डॉलर काढले की दर महिन्याला एकाला ३,००० मिळतात. घराची अनामत, जुनी गाडी, व्यावसायिक परीक्षेची फी यांत ती जाते. नवागताला पहिला नंबर देत नाहीत. हमीदार लागतो, आणि हप्ता बँकेतून, कारण लिहून, पाठवायचा. रोखीत चाललेल्या गटात वाद झाला तर कुणाकडेच पुरावा नसतो. तीन हजार एकदम खात्यात आले की बँकेने किंवा व्हिसा अधिकाऱ्याने कारण विचारले तर ही नोंद दाखवता येते. एक मर्यादा मात्र आहे. भिशी कितीही नियमित भरली तरी क्रेडिट स्कोअर एका आकड्याने वाढत नाही. त्यासाठी अनामत ठेवून मिळणारे क्रेडिट कार्ड, त्याच्या मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च आणि दर महिन्याला पूर्ण भरणा, हाच रस्ता.

बाळंतपणही यातच येते. इग्बो घरांत सून किंवा मुलगी बाळंत झाली की तिची आई येऊन राहते. त्याला ओमुग्वो म्हणतात. आईचा व्हिसा नाकारला गेला की संघटनेतल्या बायका पाळ्या लावतात, तिखट सूप आणतात, अंग शेकतात. कायम रहिवाशांच्या आई-वडिलांसाठी सुपर व्हिसा आहे. २०२२ च्या जुलैपासून त्यावर एका वेळी पाच वर्षे राहता येते, पण एक लाख डॉलरच्या आरोग्य विम्याचा खर्च आणि उत्पन्नाची अट पहिल्या वर्षी कुणालाच झेपत नाही.

या संघटना आदर्श आहेत असे मुळीच नाही. निवडणुकीवरून फूट पडते, योरुबा-इग्बो-एडो असे तुकडे होतात, एक ऑक्टोबरच्या स्वातंत्र्यदिनाच्या मेजवानीवर वर्षाचा निधी उडतो (गणेशोत्सव करणाऱ्यांनी यावर हसू नये), आणि खजिनदाराचा हिशेब दोन वर्षे येत नाही. टिकलेल्या संघटनांत काही गोष्टी सारख्या आढळतात : प्रांताच्या कायद्याखाली नोंदणी, किमान तीन संचालक, धनादेशावर दोन सह्या, आणि मदतनिधी समारंभनिधीपासून वेगळ्या खात्यात. नोंदणी झाली म्हणजे करसवलतीची पावती देता येते, हा गैरसमज तिथेही आहे. त्यासाठी करखात्याकडे धर्मादाय संस्था म्हणून वेगळी नोंदणी लागते. दुसरा धोका व्हॉट्सअ‍ॅपवरच्या इमिग्रेशन सल्ल्याचा. कायद्याने पैसे घेऊन असा सल्ला परवानाधारक सल्लागार, वकील, क्वेबेकमधले नोटरी किंवा ओंटारिओतले ठरावीक पॅरालीगल (वकील नसलेले परवानाधारक कायदा-सहायक) एवढेच देऊ शकतात. म्हणून चांगल्या गटांत नियम आहे : अनुभव सांगा, अर्ज भरून देऊ नका.

२०२३ च्या उन्हाळ्यात आफ्रिकेतून आलेले आश्रयार्थी टोरांटोच्या पीटर स्ट्रीटवरच्या नोंदणी केंद्राबाहेर फुटपाथवर झोपत होते, कारण शहर आणि केंद्र सरकार खर्च कुणाचा यावर भांडत होते. जुलैत कृष्णवर्णीय चर्चनी त्यांना बसमधून आपल्या इमारतींत हलवले. सरकारी निधीची घोषणा झाली ती त्याच सुमारास. चर्चना हे एका रात्रीत जमले, कारण कोणाकडे किती गाद्या आहेत, कोण स्वयंपाक करते, कुणाची व्हॅन आहे याच्या याद्या समाजात आधीपासून तयार होत्या.

आपल्या मंडळांना विनंती एवढीच. शाळा सप्टेंबरात सुरू होते, म्हणून कुटुंबे जुलै-ऑगस्टमध्ये येतात आणि गणपतीही त्याच सुमारास बसतात. आरतीच्या सभागृहात एक टेबल नवागतांसाठी मांडा. आरसी ६६ चे कोरे अर्ज, सार्वजनिक आरोग्य कार्यालयाचा पत्ता, ठरावीक नमुन्याच्या भाडेकराराची प्रत ठेवा. टेबलामागे तीस वर्षांपूर्वी आलेले अध्यक्ष बसवू नका. गेल्या दोन वर्षांत आलेले जोडपे बसवा, कारण नियम त्यांनाच ताजे माहीत असतात. आणि आपल्या वृत्तपत्राने परदेशी जाणाऱ्यांसाठी निघण्याआधीची यादी छापली तर त्यात एवढे जरूर घाला : मुलांच्या लसींची तारखांसह इंग्रजी नोंद, शाळेच्या माध्यमाचे पत्र, वाहन परवाना किती वर्षांचा आहे याचे परिवहन कार्यालयाचे अधिकृत पत्र. शेवटचे नसेल तर ओंटारिओत जास्तीत जास्त एका वर्षाचा अनुभव धरतात, गाडी वीस वर्षे चालवली असली तरी.

आपले,
टोरांटो परिसरातील काही मराठी वाचक